बिनसल्ल्याची तासिका

अकोल्याच्या कौलखेड भागातल्या त्या गल्लीत चंद्रभान म्हैसने सरांना न विचारता कुणी कूलर घेतल्याचं ऐकिवात नाही. एकाने घेतला होता. ऐन मे महिन्यात त्याचा पंप बंद पडला, आणि सरांनी भर दुपारी त्याच्या फाटकाशी उभं राहून एकच वाक्य उच्चारलं, "मी बोलनारच होतो." त्यानंतर गल्ली शहाणी झाली.

सल्ला देण्याच्या बाबतीत सरांचा हात सढळ होता. पोरीने विज्ञान घ्यावं की वाणिज्य, बोअर अंगणाच्या कुठल्या कोपऱ्यात मारावी, जावई रुसला तर आधी कुणी फोन करावा, सगळ्याची उत्तरं त्यांच्याकडे प्रश्नाच्या आधीच तयार असत. जमाखर्च मांडायचाच म्हटला तर जमेच्या बाजूला पाणी लागलेली एक बोअर होती. खर्चाच्या बाजूला दोन कोरड्या बोअर, एक मोडलेली सोयरीक, आणि पोलीस भरती सोडून फार्मसीला गेलेला एक मुलगा, जो तेव्हापासून सरांना पाहिलं की रस्ता बदलायचा. पण सर पान उघडायचे ते जमेच्या बाजूनेच.

सर एका खाजगी संस्थेच्या शाळेत भूगोल शिकवत. तिथल्या मुख्याध्यापिका नीलम ढोमणे मॅडम चांगली बातमी उभ्या-उभ्या सांगत आणि वाईट बातमी चहा पाजून. त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही आली, तेव्हाच सरांनी कप खाली ठेवला.

"सर, पटसंख्या कमी झाली," मॅडम म्हणाल्या. "भूगोलाचा एक शिक्षक जास्त होऊन राहिला."

"कोन?"

मॅडमनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. सरांना उत्तर मिळालं.

नियमाप्रमाणे अतिरिक्त शिक्षकाला आधी संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत धाडायचं असतं, आणि संस्थेची दुसरी शाळा होती शेंदूरजनाघाटला. वरुडच्या पलीकडे, संत्र्याच्या बागांत. संत्र्यांबद्दल सरांची काही तक्रार नव्हती. इतकी वर्षं ते फळ्यावरच्या नकाशात त्या भागावर नारिंगी खडू फिरवत आले होते. पण खडू फिरवणं वेगळं आणि तिथे भाड्याची खोली घेऊन रोज स्वतःच्या हाताने पोळ्या लाटणं वेगळं. बायकोची, कौशल्याबाईंची, पतसंस्थेतली नोकरी अकोल्यात, लेक आचल बारावीला अकोल्यात, आणि सल्ला मागणारी गल्लीही अकोल्यातच. शेंदूरजनाघाटात सरांना कुणी काय विचारणार होतं?

"एक रस्ता हाये," ढोमणे मॅडम म्हणाल्या. "शाळेले समुपदेशक पायजे. पन प्रमाणपत्रवाला. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत प्रमाणपत्र आना, तुमाले इथंच ठेवते. नाई तं मंग घाट."

"समुपदेशक म्हंजे सल्ला देनाराच न?"

"तसंच काहीतरी."

"मॅडम, त्याले प्रमाणपत्र काहाले पायजे? आमच्या गल्लीले विचारा."

"गल्लीचा शिक्का चालत नाई, सर."

घरी ही बातमी सांगितली तेव्हा कौशल्याबाई ठेचा कुटत होत्या. त्यांनी बत्ता हवेत थांबवला.

"सल्ला देन्याचं प्रमाणपत्र? अन् तुमाले?" त्या म्हणाल्या. "न देन्याचं निघते काय, थे पाहा."

हे वाक्य सरांनी सोडून दिलं. बायकोची वाक्यं सोडून देण्याची त्यांना सवय होती. हे एक तेवढं त्यांनी जपून ठेवायला हवं होतं.

अमरावतीत रुक्मिणी नगरात एका बँकेच्या वरच्या मजल्यावर समुपदेशनाचे रविवारचे वर्ग चालत. प्रवेशासाठी पदवी पाहिजे होती, ती होती. बी.एड. पाहिजे होतं, तेही होतं. अनुभवाचा दाखला ढोमणे मॅडमनी दिला, प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी सरांकडे न पाहताच दिला. उरला चारित्र्याचा. लेकरांशी एकट्याने बोलायचं तर माणूस धड आहे की नाही हे पोलिसांनी तपासायला पाहिजे. सरांनी अर्ज केला आणि निर्धास्त झाले. आपलं चारित्र्य गल्लीपेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार?

इथेच त्यांचा हिशेब चुकला. कारण गल्लीची एक जुनी रीत होती. पोलीस दारात येऊन कुणाचं नाव विचारू लागला, तर आधी त्या माणसाला वाचवायचं आणि मग भानगड काय आहे ते विचारायचं.

हवालदार आला तेव्हा सर शाळेत होते. गल्लीत भेटले जानराव तायडे. जानरावभाऊ एस.टी.चे निवृत्त वाहतूक नियंत्रक, सरांचे सख्खे शेजारी. उभी हयात त्यांनी स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या होत्या, त्यामुळे कुणी काही विचारलं की त्यांच्या आवाजाला आपोआप कर्ण्याची धार चढे.

"चंद्रभान म्हैसने इथं राह्यते काय?" हवालदाराने विचारलं.

"कोन म्हैसने?"

"शिक्षक हाये म्हन्ते."

"या नावाचा मानूस या गल्लीत नाई. होता तं मले मालूम असता."

हे जानरावभाऊ म्हैसने सरांच्याच फाटकाला टेकून सांगत होते. नावाची पाटी त्यांच्या पाठीमागे दडली होती. समोरच्या सीमाताईंनी गॅलरीतून दुजोरा दिला, "म्हैसने? ते तं आमी ऐकलंच नाई जी." हवालदाराला पाणी पाजलं, पोहेही खाऊ घातले आणि वाटेला लावलं.

संध्याकाळी सर घरी आले तेव्हा जानरावभाऊ वाटच पाहत होते. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, घाबरू नोका. काय केलं थे मी इचारत नाई. पन तुमी इथं राहतच नाई, असं पोलिसाले सांगून देलं."

चौकीवर सर वीजबिल, घरपट्टीची पावती आणि आचलच्या बारशाचा फोटो घेऊन गेले. फोटोत मागे घर दिसत होतं. बिल्ल्यावाल्या साहेबांनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं.

"कागद बरोबर हाये," ते म्हणाले. "पन शेजारी म्हन्तात तुमी नाई."

"अवो, मी समोर उभा हाव."

"इथं उभे हायत. तिथं राहता काय, हा प्रश्न हाये."

शेवटी जानरावभाऊंना चौकीत नेऊन, म्हैसने नावाचा माणूस आहे आणि तो माझ्या शेजारीच राहतो, असं लेखी द्यायला लावलं. जानरावभाऊंनी आनंदाने दिलं. सही करायला त्यांना फार आवडे. ऐटबाज सही करून, खाली दोन रेघा ओढून, जुन्या सवयीने शेजारी वेळही टाकायचे. साहेबांनी ती सही कौतुकाने पाहिली आणि मग विचारलं, "मास्तर, पोरगं दहावीत हाये. पुढं काय द्यावं त्याले?"

सर तिथे तासभर बसले.

रविवारच्या वर्गाला रश्मी वानखडे मॅडम शिकवत. वयाने सरांच्या धाकट्या बहिणीएवढ्या, आवाज हळू, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही क्षणभर गप्प राहण्याची एक विचित्र सवय. सरांना वाटायचं, बाईंना सुचत नाही. म्हणून त्या गप्प बसल्या की सर त्यांना शब्द पुरवत.

पहिल्याच दिवशी जोड्या लावून सराव घेतला. सरांच्या समोर करिश्मा नावाची तरुण अंगणवाडीताई बसली. तिने अडचण सांगायची आणि सरांनी ऐकायची, असं ठरलं.

"मले ना, सासूबाई..." करिश्माने सुरुवात केली.

"वेगळं राहा," सर म्हणाले.

रश्मी मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या. "सर, त्यांचा प्रश्न तर अजून आलाच नव्हता."

"प्रश्न दिसतच होता, मॅडम."

"त्या काय सांगणार होत्या?"

करिश्मा चाचरत म्हणाली, "सासूबाई लय चांगल्या होत्या. त्या गेल्या म्हनून मले झोप येत नाई, असं म्हननार होती."

सरांनी वही मिटली. त्या दिवशी सरांनी अमरावतीचा दह्यात भिजलेला गिला वडासुद्धा न खाता बस पकडली. ज्यांना तो वडा ठाऊक आहे त्यांना दुखापत किती खोल होती हे कळेल. बडनेऱ्यापर्यंत ते मनात रश्मी मॅडमना उत्तर देत होते. मूर्तिजापूरपर्यंत उत्तर तयार झालं. अकोल्याला उतरताना त्यांना जाणवलं की सबंध प्रवासात शेजारच्या माणसाला एकही सल्ला दिला नाही. तब्येत बिघडली की काय, अशी त्यांना शंका आली.

दर रविवारी हेच. ऐका, विचारा, थांबा, पण उत्तर देऊ नका. सरांच्या मते हा अभ्यासक्रम म्हणजे पोहणाऱ्याला हातपाय बांधून विहिरीत सोडणं होतं. पण लेखी परीक्षेत ते पहिले आले. न बोलण्याविषयी सरांनी पुरवण्या लावून लिहिलं.

उरली शेवटची अट. एका खऱ्या माणसाशी, एका तासिकेएवढा वेळ बोलायचं. त्यात एकही सल्ला द्यायचा नाही. ते सगळं मोबाइलवर टिपायचं आणि तोंडी परीक्षेत ऐकवायचं. माणूस नात्यातला नको. आणि त्याची संमतीपत्रावर सही पाहिजे.

"मानूस मिळवाले काय लागते," सर घरी म्हणाले. "सारी गल्ली माझ्याकडं येते."

"गल्ली येते, हाव," कौशल्याबाई म्हणाल्या. "पन अडचन सांगाले येते काय? तुमी बोलता, थे ऐकते, अन् मंग आपल्या मनाचं करते. मले इचारा अडचन काय हाये थे. पन मी नात्यातली पडली न."

सर सीमाताईंकडे गेले. सीमाताईंना अडचण होती, पण सही म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. नवऱ्याने पूर्वी एकदा कुणाच्या तरी कागदावर सही केली होती आणि त्यानंतर तो कुणाचा तरी जामीनदार निघाला होता. तेव्हापासून त्या घरात पेन वरच्या फळीवर ठेवत. पलीकडच्या गुरुजींनी आपल्याला अडचणच नाही असं ठासून सांगितलं आणि मग सरांनाच, एवढ्या वयात हे शिकायची पाळी का आली, याविषयी बराच वेळ मार्गदर्शन केलं. शाळेतले पी.टी.चे तेलगोटे सर तयार झाले. बसले, सही केली, मोबाइल लागला. "कंबर दुखते," ते म्हणाले. सरांनी दात आवळले. "सकाळी तं वाकताच येत नाई." सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "गादी लय नरम हाये, मले वाटते..."

"फेकून द्या ते गादी!" सर ओरडले. "सतरंजीवर झोपा!"

टिपण तिथेच संपलं.

रविवारी तोंडी परीक्षा, आणि शुक्रवारी सरांची दाढ ठणकू लागली. ती आधीपासून किडलेली होती. पण दाताच्या बाबतीत सर स्वतःच्याच सल्ल्यावर चालत आले होते. डॉक्टरीणबाईंनी दाढ उपटली, खड्ड्यात कापसाचा घट्ट बोळा दाबला आणि बजावलं, "तासभर तोंड उघडायचं नाही. बोलायचं तर नाहीच."

सर घरी येऊन अंगणात खुर्ची टाकून बसले. गाल सुजून लिंबाएवढा झालेला. फाटक वाजलं.

"जयभीम, सर. दाढ काढली म्हन्ते?" जानरावभाऊ आत आले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. "लवंग नाई ठेवली? ठेवाले पायजे होती."

सर म्हणाले, "हूं."

तेवढ्यात त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलला, जानरावभाऊंना दाखवला आणि भुवया उडवल्या.

"थे रेकॉर्डिंग काय? लावा, लावा. मले काय लपवाचं हाये."

सरांनी लावलं.

जानरावभाऊ सुटले. दाढेवरून कापसावर आले, कापसावरून बोंडअळीवर, तिथून शेंदूरजनाघाटावर. "घाबरू नोका जाले. अकोला-अमरावती, अमरावतीहून मोर्शी, वरुड. वरुडात गाडी बदलली की झालं. अन् हवा पाहा काय हाये! सातपुड्यावर हाये न गाव. वर, टोकाले. बारा महिने थंड."

शेंदूरजनाघाट सातपुड्यावर नाही. पायथ्याशी आहे. भूगोलाच्या शिक्षकासमोर असं विधान करणं म्हणजे गवयासमोर बेसूर गाणं, आणि तेही त्याच्या तोंडात बोळा असताना. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी जबडा दाबला. "हूं," ते म्हणाले.

जानरावभाऊंना ते पाणी दिसलं. त्यांना वाटलं, सर आपल्यासाठी कळवळले. ते थांबले. सरांकडून उत्तर येईना. इतक्या वर्षांत असं कधी झालंच नव्हतं. जानरावभाऊ बोलले की सर त्यांच्यावर बोलत आणि मग जानरावभाऊ सरांच्यावर, असा त्यांचा रिवाज होता. आता समोर नुसतीच जागा मोकळी. जानरावभाऊंनी ती भरायला सुरुवात केली.

आता ते काय बोलले, हे सरांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मग आपल्याला कसं कळलं, असं विचारू नये. गोष्ट सांगणाऱ्याला संमतीपत्र लागत नाही.

जानरावभाऊ निवृत्त झाले तेव्हा त्यांनी बायकोला, मनकर्णाबाईंना, सांगितलं होतं की डेपोवाल्यांनी आपल्याला सोडलेलं नाही, नव्या पोरांना शिकवायला रोज बोलावलं आहे. मनकर्णाबाई रोज डबा करत. जानरावभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून निघत. स्टँडवर पोचले की फलाटावरच्या बाकावर बसत. खिडकीत आता वर्षाली नावाची नवी नियंत्रक होती. तिला त्यांचं नावही माहीत नव्हतं. गाड्यांची घोषणाही कुणी माणूस करत नव्हता, यंत्र करत होतं, आणि बाळापूर असं म्हणायचं जणू परदेशातलं गाव. जानरावभाऊ ओठांतल्या ओठांत ते सुधारून म्हणत. मग डबा खात आणि परत येत. मनकर्णाबाई विचारत, "आज काय शिकवलं?" ते काहीतरी सांगत.

"एका बाईनं इचारलं मले, अचलपूरची कुठी लागते," जानरावभाऊ म्हणाले. "मी तिले गाडीत नेऊन बसवलं, सर. खिडकी पाहून देली. तो दिवस लय चांगला गेला."

"हूं?" सर म्हणाले.

"मंग काय. मंग कोनी नाई इचारलं."

गल्लीतून पाण्याचा टँकर गेला. मग जानरावभाऊंनी नाक शिंकरलं, उठले, आणि म्हणाले, "तुमच्याशी बोललं की हलकं वाटते, सर." हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि सरांनी तरी त्यात काय केलं होतं?

मोबाइलमध्ये तासिकेपेक्षा जास्त टिपण झालं होतं. एकही सल्ला नाही. सरांनी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आणि प्रत्येक वेळी आपल्या 'हूं'वर खूश झाले. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभले असते.

संध्याकाळी ते संमतीपत्र घेऊन शेजारी गेले. जानरावभाऊंनी सवयीने पेन काढलं, आणि मग वाचलं. ध्वनिमुद्रण परीक्षकांस ऐकविण्यास माझी हरकत नाही.

"म्हंजे थे सगळं टिपलं?"

"तुमीच म्हनले, लावा."

"थे मी दाढीबद्दल... दाढेबद्दल म्हनलं होतं." त्यांनी आत पाहिलं. आतून कुकरची शिटी आली. "नाई सर. चौकीत पाह्यजे तं शंभर सह्या घ्या. याच्यावर नाई. मनकर्णेले समजलं तं मी कोन्या तोंडानं डबा नेऊ?"

आणि ज्या माणसाने गल्लीतल्या एकाही कागदाला कधी नाही म्हटलं नव्हतं, त्याने पेनाचं टोपण लावलं.

शनिवारी ढोमणे मॅडमचा फोन आला. "झालं न, सर? मी संस्थेले सांगितलं, म्हैसने सर इथंच."

"सही अडली हाये, मॅडम."

"मंग ठोका तुमीच. अमरावतीत कोनाची सही कोन ओयखते?"

कौशल्याबाईंचंही तेच मत पडलं, फक्त त्यांना आधी टिपण ऐकायचं होतं. "जानरावभाऊजी तासभर असं काय बोलले?"

"काई नाई."

"काई नाई ले तासभर लागते?"

सरांनी वर्तमानपत्र उघडलं. कौशल्याबाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. बोळा तर कालच निघाला होता. त्यांनी रुसून भाजीत तिखट वाढवलं, दाढेच्या खड्ड्याचा विचार न करता.

सगळे झोपायला गेल्यावर नव्हे, चांगल्या दिवसाउजेडी, सरांनी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे जानरावभाऊंची सही करून पाहिली. इतक्या वेळा पाहिलेली सही. खाली दोन रेघा, बाजूला वेळ. हुबेहूब आली. भूगोलाच्या माणसाला नकाशा उतरवता येतो, तर सहीचं काय. सरांनी संमतीपत्र पुढे ओढलं.

तेवढ्यात खिडकीतून शेजारच्या फाटकाचा आवाज आला.

"अवो, डबा इसरले!" मनकर्णाबाई धावत बाहेर आल्या. "शनिवार असला म्हनून काय झालं, थे पोट्टे वाट पाहत असतीन डेपोत."

"हाव, हाव," जानरावभाऊ म्हणाले. त्यांनी डबा घेतला. जाताना त्यांनी एकदा सरांच्या खिडकीकडे पाहिलं, आणि घाईने मान वळवली.

सरांनी पेन खाली ठेवलं. मोबाइल उचलला, ते टिपण शोधलं, आणि नक्की पुसायचं आहे का, असं मोबाइलने विचारल्यावर, त्याला एका शब्दात होकार दिला. नंतर बराच वेळ त्यांना शेंदूरजनाघाटातल्या पोळ्या दिसत राहिल्या. सगळ्या नकाशांच्या आकाराच्या.

रविवारी रश्मी मॅडमनी वही उघडली. "रेकॉर्डिंग, सर?"

"झालं होतं. पन ऐकवता येत नाई."

"सही नाही?"

सरांनी मान हलवली.

"कुणाचं होतं?"

सरांनी पुन्हा मान हलवली.

"निदान विषय काय होता?"

तोंडात बोळा नव्हता. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि सांगितलं असतं तर मॅडम विरघळल्याही असत्या. सरांना हे दिसत होतं. त्यांची जीभ दाढेच्या रिकाम्या जागेकडे गेली आणि तिथेच थांबली.

"हूं," ते म्हणाले.

मॅडमनी नेहमीप्रमाणे क्षणभर वाट पाहिली. या खेपेला सरांनी त्यांना शब्द पुरवले नाहीत.

"नियमाने मला तुम्हाला थांबवावं लागेल, सर," त्या म्हणाल्या. "हे प्रमाणपत्र या खेपेला नाही मिळणार."

"मालूम हाये."

"पण पुढच्या खेपेला या. तेवढी एकच गोष्ट राहिली आहे तुमची. बाकीचं झालं." आणि मग त्या हसल्या. "मला वाटलं नव्हतं, होईल."

बाहेर येऊन सरांनी दोन गिले वडे खाल्ले.

जूनमध्ये शेंदूरजनाघाटचा आदेश आला. ढोमणे मॅडमनी चहा पाजला, बिस्किटंही दिली आणि वरून चिवडाही दिला. गल्ली हळहळली, आणि प्रत्येकाने सरांनी काय करायला हवं होतं ते सांगितलं. सर ऐकत राहिले. गल्लीला वाटलं, माणूस खचला.

सोमवारी पहाटे सर बॅग घेऊन निघाले तर फाटकाशी जानरावभाऊ उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा.

"कोनच्या गाडीनं जाता?"

"पहिली अमरावती..."

"पहिली काहून? तिचं वरुडशी जमत नाई. दुसरी घ्या, थे मोर्शीवाल्या गाडीले बरोबर गाठते. चला, मी येतो."

स्टँडवर जानरावभाऊंनी सरांची बॅग घेतली. खिडकीतल्या वर्षालीला त्यांनी आवाज दिला, "म्याडम, आमचे सर हायत. दर सोमवारी जातीन. मोर्शीची गाडी लेट हाये काय?" वर्षालीने मान वर केली, फोन लावला आणि सांगितलं. मागे आणखी दोन मास्तर उभे होते, तेही असेच अतिरिक्त, एक वरुडचा आणि एक चांदूरबाजारचा. त्यांनी जानरावभाऊंना विचारलं. जानरावभाऊंचा आवाज कर्ण्याला लागला.

दोन-तीन सोमवारांत मनकर्णाबाई गल्लीत सांगू लागल्या, "यांच्याबिगर मास्तर लोकायची गाडीच निघत नाई." आता हे खरं होतं. कौशल्याबाईंनी हे ऐकलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या फाटकाकडे, आणि त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. भाजीतलं तिखट पूर्ववत झालं.

एका सोमवारी गाडी सुटायला आली होती. जानरावभाऊ खिडकीखाली उभे राहिले. इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "सर, थे तुमचं रेकॉर्डिंग... त्याचं काय झालं?"

"कोनतं?" सर म्हणाले.

जानरावभाऊ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिडकीची काच आपल्या हाताने नीट सरकवली. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, आणि जानरावभाऊंना काहीतरी आठवलं. ते गाडीबरोबर चार पावलं धावले.

"सर, स्वेटर घालजा! गाव सातपुड्यावर हाये, वर, एकदम टोकाले!"

गाडीतल्या लोकांनी सरांकडे पाहिलं. भूगोलाचा इतक्या वर्षांचा शिक्षक. एका शब्दाचं काम होतं.

"हूं," म्हैसने सर म्हणाले, आणि हात हलवला.